वऱ्हाड ज्या फौजेपायीं गेलें

तैनाती फौज हा शब्द मराठी वाचकास नवा नाहीं. वसईच्या तहाची गोष्ट आपण लहानपणींच ऐकतों, आणि तेव्हांपासून या शब्दाबरोबर एक ठराविक चित्र आपल्या मनांत उभें राहतें: घाबरलेला राजा, धूर्त रेसिडेंट, मध्यें तहाचा कागद, आणि कागदावर शिक्का उमटतांच संपलेलें राज्य. हें चित्र खोटें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु एखाद्या लहान राज्याची फौज बलाढ्य शेजाऱ्याच्या फौजेंत कशी विरून जाते, हें समजून घ्यावयाचें असेल तर तें अपुरें आहे. तहाचा कागद निदान डोळ्यांना दिसतो. त्यांत किती पलटणी, किती रुपये, कोणता मुलूख, हें लिहिलेलें असतें, आणि आपण काय देत आहों हें देणाऱ्याला कळत तरी असतें. निजामाच्या हैदराबाद राज्यांत मात्र इंग्रजी अंमलाखालच्या फौजा दोन होत्या. पहिली तहानें आलेली. तिचा मोबदला म्हणून मुलूख एकदांच तोडून दिला आणि तो हिशेब तेथें मिटला. दुसरी कोणत्याहि तहानें आली नाहीं. ती हळूहळू उभी राहिली. तिला नांव निजामाचें, पगार निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा. वऱ्हाड गेलें तें या दुसऱ्या फौजेपायीं.

आरंभ खर्ड्यापासून करावा लागतो. मार्च १७९५ मध्यें खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनीं निजामअल्लीचा पराभव केला. आपल्या एकजुटीचा हा अखेरचा मोठा विजय म्हणून ग्रंथकार त्याचें वर्णन मोठ्या हौसेनें करतात. त्याचा हैदराबादेवर झालेला परिणाम मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. निजामाच्या पदरीं त्या वेळीं कंपनीच्या दोन पलटणी होत्या. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनीं त्या मराठ्यांविरुद्ध वापरूं दिल्या नाहींत. ज्यांचा खर्च आपण सोसतों ते शिपाई ऐन प्रसंगीं उपयोगी पडत नाहींत, हें पाहून निजामानें त्यांस निरोप दिला, आणि रेमंड या फ्रेंच सरदाराच्या हाताखालची आपली कवाईती फौज वाढविली. तिची संख्या सुमारें चौदा हजारांवर गेली. दोन प्रबळ शेजाऱ्यांच्या कचाट्यांत सांपडलेल्या राज्यानें तिसऱ्याच्या मदतीनें स्वतःची फौज उभारण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो वेडगळ होता असें निदान मला तरी म्हणवत नाहीं.

पण रेमंड मार्च १७९८ मध्यें वारला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनीं वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यास उतरला. १ सप्टेंबर १७९८ च्या तहानें कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादेस कायमच्या आल्या. त्यांचा खर्च सालीना २४,१७,१०० रुपये. २२ ऑक्टोबर रोजीं या पलटणींनीं फ्रेंचांच्या छावणीस वेढा दिला आणि रेमंडच्या शिपायांनीं हत्यारें खालीं ठेविलीं. रक्ताचा थेंब सांडला नाहीं. याचें श्रेय इंग्रज ग्रंथकार मुत्सद्देगिरीला देतात, व त्यांत तथ्यहि आहे. परंतु त्या शिपायांचे पगार थकले होते आणि थोडेंच आधीं ते आपल्या फ्रेंच अंमलदारांवरच उलटले होते, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. थकलेला पगार या कथेंत पुढें पुन्हां भेटणार आहे.

पुढें १२ ऑक्टोबर १८०० रोजीं दुसरा तह झाला. फौज वाढून पायदळाच्या आठ पलटणी व घोडदळाचे दोन रिसाले झाले, आणि रोख रकमेच्या जागीं मुलूख आला. टिपूशीं झालेल्या दोन युद्धांत निजामाच्या वांट्यास आलेला बल्लारी, कडप्पा वगैरे प्रदेश कंपनीस कायमचा मिळाला. सौदा महागाचा खराच. पण निदान त्यांत पुढें वाढणारें देणें उरलें नव्हतें. याच तहाच्या बाराव्या कलमांत एक अट होती. लढाई उपस्थित झाल्यास निजामानें तैनाती फौजेच्या जोडीला आपले स्वतःचे सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडेस्वार द्यावे, अशी ती अट. लढाई उपस्थित झाल्यास! या तीन शब्दांवर पुढें अर्धशतक वाद चालावयाचा होता.

लढाई तीन वर्षांतच आली. १८०३ सालीं शिंदे-भोसल्यांशीं इंग्रजांचें युद्ध झालें, त्यांत निजामाच्या फौजेचें वर्तन इंग्रजांस मुळींच समाधानकारक वाटलें नाहीं. असईच्या रणांत जखमी झालेल्या त्यांच्या शिपायांस दौलताबादच्या किल्लेदारानें आंत घेण्याचें नाकारलें. किल्लेदाराच्या मनांत काय होतें हें सांगतां येत नाहीं. मराठे पुन्हां चढाई करतील ही धास्तीहि असेल. पण इंग्रजांनीं त्यावरून एवढाच बोध घेतला कीं, निजामाचे शिपाई निजामाच्या सरदारांच्या हातीं राहतील तोंवर त्यांचा भरंवसा नाहीं. १८११ त हेन्री रसेल रेसिडेंट होऊन आला. १८१३ त त्यानें निजामाच्या खर्चानें दोन पलटणी कंपनीच्या धर्तीवर उभारल्या: तसाच पोषाख, तशींच हत्यारें, तशीच कवाईत, वर इंग्रज अंमलदार. या फौजेस रसेल ब्रिगेड म्हणूं लागले. पुढें एलिचपूरच्या नबाब सलाबतखानाच्या पलटणी, औरंगाबादेकडील पायदळ, सुधारलेले रिसाले हें सर्व तिच्यांत मिळत गेलें, आणि त्या साऱ्या जमावाला निजामाची कंटिंजंट हें नांव पडलें.

या नव्या फौजेविषयीं न्यायानें लिहावयाचें तर ती चांगली फौज होती, असेंच लिहिलें पाहिजे. निजामाच्या जुन्या शिबंदीशीं ताडून पाहतां फरक फार मोठा दिसतो. अरब व रोहिले जमादार दरबारचे नोकर असत आणि सावकारहि असत. पगार थकला कीं ते तालुकाच दाबून बसत. कंटिंजंटच्या शिपायास पगार महिन्याच्या महिन्याला मिळे. १८१७ त महिदपूर येथें होळकरांच्या फौजेशीं ती शौर्यानें लढली. १८१९ च्या आरंभीं हिंगोलीच्या बाजूस नोव्ह्याच्या गढींत बंड करून बसलेल्या नोवसाजी नाइकास तिनें वेढा घालून मोडलें. हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आपली अंबाजोगाई, बोलारम, लिंगसुगूर अशा तिच्या छावण्या. मराठवाड्यांतील व वऱ्हाडांतील कित्येक गांवांस जें लष्करी वळण आलें तें या छावण्यांमुळें.

पण चांगली म्हणजे कोणाच्या उपयोगाची? याचें उत्तर त्याच सुमारास पुण्याजवळ मिळालें होतें. दुसऱ्या बाजीरावानेंहि अशीच एक कवाईती ब्रिगेड आपल्या पैशानें उभारली होती. तिचा मुख्य फोर्ड नांवाचा इंग्रज अंमलदार, छावणी दापोडीस. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई जुंपली तेव्हां ही पेशव्यांची ब्रिगेड दापोडीहून निघाली आणि सरळ इंग्रजांस जाऊन मिळाली. पेशव्यांनीं पगार दिलेल्या बंदुका पेशव्यांवरच झडल्या. हैदराबादेवर हा प्रसंग आला नाहीं, कारण तेथील दरबारानें इंग्रजांविरुद्ध कधीं तलवार उपसलीच नाहीं. उपसली असती तर निराळें काय झालें असतें?

आतां पैशाकडे वळूं. कंटिंजंटचा खर्च वाढत वाढत सालीना चाळीस लाखांच्या घरांत गेला. फौज कंपनीची नव्हे, तेव्हां काटकसर करण्याची कोणास निकड नव्हती. इंग्रज अंमलदारांच्या जागा वाढत गेल्या, भत्ते वाढत गेले, आणि बिचारा निझी सगळ्यांचे पैसे भरतो अशा अर्थाची थट्टा त्यांच्यांत रूढ झाली. दरबारांत कारभार होता राजा चंदुलाल यांच्या हातीं. नांवाचे दिवाण मुनीर-उल्-मुल्क. खरी सत्ता पेशकार चंदुलालांची, आणि ती इंग्रजांच्या पाठबळावर. ज्याची जागा रेसिडेंटच्या मर्जीवर टिकून आहे तो रेसिडेंटच्या आवडत्या फौजेचा पगार कशाला अडवील? चंदुलाल दानशूर म्हणून प्रसिद्ध होते, कवि होते, कामाचा उरक दांडगा होता. एवढी बुद्धि असलेल्या पुरुषानें राज्य तीस-पस्तीस वर्षें केवळ आजचा दिवस ढकलण्याच्या धोरणावर चालवावें, याचें नवल वाटतें. महिना भरला कीं कंटिंजंटचा पगार हवा, खजिन्यांत रोकड नाहीं, म्हणून कर्ज; कर्जाचें व्याज हवें, म्हणून दुसरें कर्ज.

हें कर्ज देणारी पहिली मोठी पेढी विल्यम पामरची. पुण्याच्या दरबारीं रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा हा मुलगा. आई मुसलमान बेगम. त्यानें १८१४ त हैदराबादेस पेढी काढली. देशी राजांस युरोपियनांनीं कर्ज देण्यास कायद्याची बंदी होती. पण १८१६ त गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनीं या पेढीस त्यांतून मोकळें केलें. पेढींतील एक भागीदार विल्यम रंबोल्ड हा हेस्टिंग्जच्या पाल्य मुलीचा नवरा, हें येथें सांगितलें पाहिजे. व्याज दरसाल शेंकडा चोवीस-पंचवीसच्या खालीं नसे. म्हणजे गंमत अशी झाली कीं, इंग्रज रेसिडेंटच्या आग्रहावरून वाढविलेल्या फौजेचा पगार इंग्रज कायद्यांतून सूट मिळालेल्या पेढीकडून कर्जाऊ घ्यावयाचा, आणि त्याच्या फेडीसाठीं तालुक्यांचा वसूल लावून द्यावयाचा. १८२० त साठ लाखांचें नवें कर्ज मंजूर झालें. त्याच सालीं रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्लस मेटकाफनें हें प्रकरण उकरून काढलें व त्यापायीं हेस्टिंग्जचा रोष पत्करला. साठ लाखांपैकीं पुष्कळ भाग जुन्या देण्याचीच नवी नोंद आहे, असें त्याच्या चौकशींत दिसून आलें. शेवटीं उत्तर सरकारांबद्दल कंपनी निजामास दरसाल सात लाख पेशकश देत असे, ती १८२३ त एकरकमी सुमारें एक कोटी सोळा लाखांस कायमची मोडून पामरचें देणें वारण्यांत आलें. कायमचें उत्पन्न गेलें. पगाराचा महिना मात्र दर महिन्याला येतच राहिला.

पामर गेल्यावर दुसरे सावकार आले. त्यांतील विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंचें नांव वऱ्हाडाच्या इतिहासांत विशेष आहे. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर घाट उतरून मुंबईस नेण्याचा धंदा त्यांनीं वाढविला. आणि दरबारास दिलेल्या रकमांच्या फेडीसाठीं वऱ्हाडांतील वसूल त्यांच्याकडे लावून देण्यांत आला. पुढें त्यांचाहि हिशेब चुकता न करतां त्यांस वसुलावरून हुसकून लावलें. इजारदार बदलत होते. त्यांतील प्रत्येकास ठाऊक होतें कीं आपली मुदत थोडी आहे, म्हणून हातीं आहे तोंवर पिळून घ्यावें. पयनघाटांतील कुणब्याला कंटिंजंट म्हणजे काय हें कदाचित् माहीतहि नसेल. पण हिंगोलीच्या कॅप्टनाचा भत्ता त्याच्याच खळ्यांतून निघत होता.

चंदुलालांनीं १८४३ त राजीनामा दिला तेव्हां खजिन्यांत कांहीं उरलें नव्हतें. तेव्हांपासून कंटिंजंटचा पगार थकला कीं कंपनी आपल्या खजिन्यांतून तो देऊं लागली, आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नांवें पडूं लागली. हा या कथेंतील निर्णायक क्षण. तोंवर निजाम सावकारांचा देणेकरी होता. आतां तो त्याच सरकारचा देणेकरी झाला ज्याच्या हुकुमांत ती फौज होती. फौज कमी करावी म्हणावें तर हुकूम आपला नाहीं; ठेवावी तर पैसा नाहीं. निजाम नासिर-उद्-दौला यांनीं मधूनमधून मोठ्या रकमा भरल्या, जडजवाहीर गहाण टाकण्यापर्यंत पाळी आली, पण पुन्हां थकबाकी सांचे. सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांतील अबकारीचें उत्पन्न इंग्रज परस्पर घेतात, तें आमच्या नांवें जमा धरा, असेंहि दरबारचें म्हणणें होतें. तें त्या वेळीं कोणी ऐकून घेतलें नाहीं.

१८५३ त लॉर्ड डलहौसीनें हा प्रश्न एकदांचा निकालांत काढण्याचें ठरविलें, आणि त्यासाठीं कर्नल लो यांस रेसिडेंट म्हणून पाठविलें. देणें तेव्हां पन्नास लाखांच्या आसपास होतें. या वेळचे कागद वाचतांना एक गोष्ट मनास चटका लावते. १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमानें निजामावर शांततेच्या काळांत ही फौज ठेवण्याचें बंधन होतें, असें प्रामाणिकपणें म्हणतां येत नाहीं, हें डलहौसीनें आपल्या टिपणांत स्वतः कबूल केलें आहे. म्हणजे देण्याचें मूळच डळमळीत आहे, हें धनकोला पुरतें ठाऊक होतें. तरीहि त्याचा युक्तिवाद असा कीं, दरबारानें इतकीं वर्षें ती फौज चालूं दिली, तिचा लाभ घेतला, तेव्हां आतां पैसे दिलेच पाहिजेत. सावकारी न्यायानें हें बरोबर असेल. ज्याला नाहीं म्हणण्याची मोकळीक नव्हती त्याच्या मौनाला संमति म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या टिपणांत उत्तरावांचूनच राहतो.

लो आणि निजाम यांच्या भेटींचा वृत्तांत लो यांनींच लिहून ठेविला आहे. नासिर-उद्-दौला हे फारसे कर्तबगार राजे नव्हते. पण त्या भेटींत ते जें बोलले तें राजाला शोभणारें होतें. राजाला दोन गोष्टींनीं कमीपणा येतो, असें त्यांनीं सांगितलें: वडिलार्जित मुलूख विनाकारण देऊन टाकणें ही एक, आणि इमानानें चाकरी केलेल्या शूर शिपायांस घालवून देणें ही दुसरी. इंग्रजांची मागणी नेमकी अशी होती कीं, पहिली गोष्ट न केल्यास दुसरी पदरीं यावी. शांततेच्या दिवसांत ही फौज कशाला हवी, हाहि प्रश्न त्यांनीं विचारला. कायमचा मुलूख देण्यास त्यांनीं साफ नकार दिला. तेव्हां मागणीचे शब्द बदलले. मुलूख कायमचा नको, फौजेच्या खर्चासाठीं लावून द्यावा, मालकी निजामाचीच राहील, सालोसाल हिशेब दिला जाईल व शिल्लक परत मिळेल, असें ठरलें. तरीहि सही होईना. मग लो यांचे असिस्टंट मेजर डेव्हिडसन यांनीं दिवाण सिराज-उल्-मुल्क यांस एक पत्र धाडलें. पुण्यांतील गोऱ्या पलटणीस हैदराबादेकडे कूच करण्यास सज्ज राहण्याचा हुकूम झाला आहे, असें आपल्या पुतण्यानें कळविल्याचें त्यांत होतें. खासगी पत्र, घरगुती बातमी! २१ मे १८५३ रोजीं तहावर शिक्का झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत गेले. तहानंतर आठवड्याच्या आंत सिराज-उल्-मुल्क वारले, आणि त्यांचे चोवीस वर्षांचे पुतणे सालारजंग दिवाण झाले.

कंटिंजंट आतां निजामाच्या सैन्याचा भाग राहिली नाहीं. पांच हजार पायदळ, दोन हजार स्वार व चार तोफखाने एवढी ती ठेवावयाची, आणि ती सर्वस्वीं इंग्रजांच्या हाताखालीं. चारच वर्षांनीं तिची कसोटी लागली. जून १८५७ मध्यें औरंगाबादच्या रिसाल्यांत गडबड झाली, ती लगेच दडपली गेली. बाकीची फौज सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानांत गेली. झांशीच्या वेढ्यांत ती होती, काल्पीस होती, ग्वाल्हेरीस होती. वऱ्हाडच्या शेतसाऱ्यावर पोसलेले शिपाई लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढले. त्यांच्यासमोर तात्यांच्या बाजूला जी फौज होती तींत ग्वाल्हेरची कंटिंजंट होती. तीहि अशीच, शिंद्यांच्या खर्चानें व इंग्रज अंमलदारांखालीं १८४४ नंतर उभारलेली. पण ती उलटली. एकाच सांच्यांतून निघालेल्या दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि दोहोंपैकीं एकीनेंहि आपल्या धन्याला विचारलें नव्हतें.

निजामाला यांतून कांहींच मिळालें नाहीं असें म्हणणें मात्र सत्यास सोडून होईल. पुण्याची गादी १८१८ त गेली, नागपूरची १८५४ त. हैदराबादचें राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकलें. आश्रयाची किंमत देऊन त्यानें आयुष्य विकत घेतलें होतें. ही किंमत कोणी दिली, हा प्रश्न निराळा. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर परत मिळाले आणि राहिलेलें देणें सोडून देण्यांत आलें. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलें. देणें फिटलें तरी गहाण सुटेना, असा हा प्रकार. सालारजंगांनीं तें सोडविण्यासाठीं आयुष्यभर खटपट केली. कंटिंजंटच्या खर्चाची हमी म्हणून रोख रक्कम ठेवण्याची तयारी दाखविली, १८७६ त विलायतेसहि गेले. पण सरकार बधलें नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला होता, नागपूरपर्यंत आगगाडी धांवूं लागली होती. असा प्रांत परत करावा असें कोणाला वाटणार?

शेवटचा व्यवहार लॉर्ड कर्झननें केला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें निजाम महबूबअल्लीखान यांनीं वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें दिलें, आणि ज्या फौजेसाठीं तें घेतलें होतें ती फौजच पुढल्या वर्षीं मोडून हिंदी सैन्यांत मिसळून टाकली. वऱ्हाड घेण्याचें कारण गेलें, वऱ्हाड राहिलें. उस्मानअल्लीखान यांनीं १९२३ त तें परत मागितलें, तेव्हां लॉर्ड रीडिंगनें १९२६ त कडक उत्तर दिलें. १९३६ त निजामास हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम ही पदवी आणि त्यांच्या थोरल्या मुलास वऱ्हाडचे युवराज हा किताब मिळाला. अंमल नागपूरहूनच चालत राहिला.

फौजेचें पुढें काय झालें? १९०३ च्या नव्या क्रमांकांत रसेलचें नांव दोन पलटणींस राहिलें, एकीस बेरार इन्फंट्री हें नांव मिळालें. १९२२ त या साऱ्या पलटणी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्यें आल्या. परंतु हैदराबादशीं त्यांचा संबंध नांवापुरताच उरला होता, आणि १९४५ त तें नांवहि बदलून कुमाऊं रेजिमेंट झालें. तिच्या चौथ्या पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं काश्मिरांत बडगाम येथें धारातीर्थीं पडले. स्वतंत्र हिंदुस्थानचें पहिलें परमवीरचक्र त्यांचें. त्या पलटणीचा उगम एलिचपूरच्या सलाबतखानानें उभारलेल्या फौजेपर्यंत मागें जातो.